फ्रंट-व्हील की रिअर-व्हील ड्राइव्ह: वळणावर फरक काय पडतो?

स्विफ्टमध्ये इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते, इकोमध्ये मागच्या.

फ्रंट-व्हील ड्राइव्हमध्ये गाडी ओढणं आणि वळवणं, दोन्ही कामं पुढच्याच टायरवर येतात. ओल्या वळणावर वेग जास्त असेल तर त्यांची पकड सुटते आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. हे अंडरस्टिअर. अशा वेळी स्टिअरिंग आणखी फिरवू नका, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा.

रिअर-व्हील ड्राइव्हमध्ये वळणावर जोरात ॲक्सिलरेटर दिला की मागची चाकं बाहेर घसरू शकतात. हे ओव्हरस्टिअर. पाय हलका करा, जिकडे जायचंय तिकडे स्टिअरिंग वळवा.

ईएससी एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सावरतं, पण टायरची पकड वाढवत नाही. म्हणून ब्रेक वळणाआधीच मारा.