वऱ्हाडातील कृषिसंकटे व मानवरहित विमाने : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

वऱ्हाडच्या शेतीवरील संकटे नैसर्गिक तशीच मानवनिर्मितही आहेत. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. मे २०२० मध्ये मध्य प्रदेशातून टोळधाड अमरावती जिल्ह्यात शिरली. त्याच वर्षी राजस्थानात टोळनियंत्रणासाठी ड्रोन वापरले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ड्रोन-फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली. यामुळे फवारणारा विषापासून दूर गेला, तरी वाऱ्याबरोबर पसरणारे विष उरतेच. म्हणून फवारणीपूर्वी आकाशातून किडीची पाहणी करून विषाची मात्राच घटविणे, हा या साधनाचा अधिक मोलाचा उपयोग ठरतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थांपुढील खरे संशोधनकार्य हेच होय.