शेंगांचा बेवड

गडहिंग्लज तालुक्यात, हिरण्यकेशीकाठच्या काळ्या रानापासून सामानगडाच्या पायथ्याच्या माळापर्यंत, शाळू कोठे पेरावा असे एखाद्या जाणत्या शेतकऱ्यास विचारले, तर तो प्रथम त्या रानात मागे काय होते याची चौकशी करतो, आणि शेंगा, म्हणजे भुईमूग, होत्या असे कळताच बेवड चांगला असल्याचा निर्वाळा देतो. करवीर संस्थानच्या अमदानीत, आणि १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाल्यावरही, पिकाचे नाव, क्षेत्र आणि सारा यांस दफ्तरात जागा होती. एका पिकाने दुसऱ्यासाठी जमिनीत ठेवलेल्या ठेवीस मात्र रकाना नव्हता, ती बेवड या एका शब्दात तोंडीच जतन झाली.

त्या ठेवीचा उलगडा फार दूर झाला. १८८६ साली बर्लिन येथे हेलरीगेल यांनी द्विदलांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र बांधतात असे जाहीर केले आणि १८८८ मध्ये बायजेरिंक यांनी गाठीतील जिवाणू वेगळे काढले. तेव्हापासून सारे श्रेय जिवाणूंच्या पदरी पडले, हे मला अपुरे वाटते. भांगलणीच्या वेळी, पीक फुलोऱ्यात असता, खुरप्याने मातीसकट एक वेल उचलून उपमुळाच्या बेचक्यातील गाठ नखाने फोडावी. नखास रक्तासारखी लाली लागते. ती लाली हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनाची आहे, हे जपानच्या कुबो यांनी १९३९ मध्ये सोयाबीनच्या गाठीत ओळखले. जिवाणूचे नत्र बांधणारे विकर मोकळ्या प्राणवायूने निकामी होते, आणि श्वसनास तर प्राणवायू हवाच; लेगहिमोग्लोबिन हे वनस्पतीचे प्रथिन तो धरून ठेवते आणि मोजून पुरवते, म्हणूनच हे काम चालते. जिवाणूचा रासायनिक सांगावा ओळखून त्यास दार उघडणे हेही मुळाच्याच ग्राही प्रथिनांचे काम, असे २००३ मध्ये डेन्मार्कमधील संशोधनाने दाखविले. आणि भुईमुगात तर जिवाणू, उपमुळ साल फोडून बाहेर पडते त्या फटीतूनच आत शिरतात.

मात्र बांधलेल्या नत्राचा मोठा हिस्सा शेंगांत आणि पाल्यात जातो. वेल समूळ उपटून पाला विकला, तर रानात उरते ते थोडे. तो दावणीस घालून शेणखताच्या वाटे परत आला, म्हणजेच पुढच्या शाळूस बेवड पुरा मिळतो.