‘प्रौढ’ या संज्ञेची मर्यादा : एचआयव्ही-उपचार आणि उतारवय

शास्त्रीय परिभाषेतील संज्ञा कोणती वस्तुस्थिती नजरेस पडावी हे पुष्कळदा ठरवीत असते. एचआयव्हीच्या गणनेतील ‘प्रौढ’ ही अशीच एक संज्ञा होय. व्यवहारातील मराठीत प्रौढत्वास एकोणपन्नासाव्या वर्षी पूर्णविराम मिळत नाही. सांख्यिकीत मात्र प्रौढांतील संसर्गाचे प्रमाण म्हणजे १५ ते ४९ या वयोगटातील प्रमाण, असा संकेत रूढ झाला व तो आजही चालू आहे.

या संकेतास कारण होते. मद्रासमधील महाराष्ट्रीय गायतोंडे कुटुंबात जन्मलेल्या डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी १९८६ साली भारतातील पहिला एचआयव्ही-संसर्ग उघडकीस आणला. पुढे १९९२ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच वर्षी पुण्यास राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. रोग तरुण वयात पसरतो, या जाणिवेने गणनाही जननक्षम वयावर केंद्रित झाली. सर्वसामान्य लोकसंख्येतील प्रसाराचा अंदाज मुख्यतः गरोदर स्त्रियांच्या रक्तनमुन्यांवरून बांधला गेला. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांची तपासणी ४९ व्या, तर पुरुषांची ५४ व्या वर्षापर्यंतच झाली.

उपचारांच्या इतिहासाने ही चौकट अपुरी ठरविली. १९९६ नंतर तीन औषधांची संयुक्त योजना प्रचारात आली. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने ती वर्षाकाठी ३५० डॉलरांत देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांत मोफत उपचार सुरू झाले. आरंभी सीडी-४ पेशींची संख्या २०० च्या खाली गेल्यावरच औषध मिळे. २०१७ साली ही अट सर्वस्वी उठली. परिणामी तरुणपणी बाधित झालेले रुग्ण जगले, आणि गणनेची सीमा ओलांडून वृद्ध होऊ लागले.

त्यांच्या जोडीस दुसरा वर्ग आहे : पन्नाशीनंतर प्रथमच निदान होणाऱ्यांचा. मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा हे गाव १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून नव्या वाशीम जिल्ह्यात आले. अशा गावातील गरोदर सुनेची तपासणी नियमाने होते. सासऱ्याची होत नाही. त्याचा न हटणारा ताप व घटते वजन वयाच्या माथी मारले जाते. निदान होते तेव्हा सीडी-४ पेशी पुष्कळ घटलेल्या असतात.

उपचारफलाचे चित्र मात्र एकरंगी नाही. वयस्क रुग्ण औषधे बहुधा नियमितपणे घेतात, आणि त्यांच्या रक्तातील विषाणू तरुणांइतकाच दबतो. परंतु वयाबरोबर थायमस ग्रंथी क्षीण झाल्याने सीडी-४ पेशींची भरपाई मंद होते व मृत्यूचा धोका अधिक राहतो. शिवाय मधुमेह, रक्तदाब यांची औषधे चालू असतात. डोल्युटेग्रॅविरमुळे मेटफॉर्मिनची रक्तातील मात्रा वाढते. टेनोफोविर मूत्रपिंडे व अस्थी यांना बाधक ठरू शकते.

यावरून असा निष्कर्ष निघतो की, वार्धक्यातील अपयशाचा मोठा भाग औषधाच्या दुबळेपणात नसून निदानाच्या विलंबात आहे. वयाची झीज टाळता येत नाही; विलंब टाळता येतो. त्यासाठी ‘प्रौढ’ या संज्ञेस तिचा मूळचा, वरची सीमा नसलेला अर्थ परत द्यावा लागेल.