लग्नाची सुपारी

मुलीचे लग्न ठरले की हल्ली पहिला प्रश्न येतो तो ‘हॉल मिळेल का?’ हा. आमच्या कर्जत-खालापूरकडे पूर्वी तो कोणाला पडत नसे. दारापुढे अंगण होते, अंगणात मांडव होता आणि मांडवाचे डहाळे रानातून येत. मग कार्याची माणसे आगाऊ धरून ठेवण्याची चाल आली कशी, याचा थोडा मागोवा घ्यावासा वाटला.

गावगाड्यात माणसे ठरवावी लागतच नसत. कुंभाराने बोळकी आणायची, गुरवाने वाजवायचे, कासाराने चुडा भरायचा; ज्याचे काम त्याच्याकडे पिढीजात. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गाव-गाडा’ ग्रंथात ह्या व्यवस्थेचे वर्णन आहे, आणि तिच्यातल्या कुरबुरींचेही. बाहेरचा माणूस बोलवायचा तर मात्र सुपारी. हातावर सुपारी आणि वर थोडा इसार ठेवला की शब्द पक्का. कागद नाही, सही नाही. (मुंबईच्या गुंडांनी हा मंगल शब्द पुढे कुठे नेऊन ठेवला ते आपण वर्तमानपत्रांत वाचतोच!) आगगाडी १८५६ साली खोपोलीपर्यंत आली, १८६३ साली बोरघाट चढली, आणि वऱ्हाडाबरोबर वाजंत्रीही लांबून येऊ शकली.

रेशनच्या दिवसांत पहिली तजवीज साखरेची. जादा साखरेचे परमिट हाती आल्याखेरीज माझी आई लाडवांचे नाव काढू देत नसे.

तिथी मात्र तेव्हाही बांधलेल्याच. तुळशीचे लग्न लागले की दार उघडते, पण तेव्हा भाताची झोडणी हातात असते. पौष बहुतेकजण टाळतात. खरी गर्दी माघापासून वैशाखापर्यंत, आणि मृगाच्या आत सारे आटोपायचे, कारण आपल्याकडचा पाऊस मांडव ठेवत नाही. त्यात अधिक महिना आला की आणखी कात्री. २०१८ साली अधिक ज्येष्ठ १६ मे ते १३ जून होता. मेची निम्मी सुटी त्यातच गेली.

१९७३ साली जयंतराव साळगावकरांचे ‘कालनिर्णय’ निघाले. त्याआधी मुहूर्त भटजींच्या पंचांगात असे. लग्न जमल्यावर ते पाहून सांगत. दिनदर्शिका भिंतीवर आली आणि तेच मुहूर्त घरोघर एकदम दिसू लागले. माझ्या मते घाईचे मूळ इथे आहे. भरीस २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. आता मुंबई-पुण्याची मंडळी आपल्या भागातल्या फार्महाऊसांत लग्ने लावतात. तारीख तीच, आचारी तोच, आणि दर त्यांचा!

तेव्हा वैशाखातले लग्न असेल तर कार्यालय आणि आचारी दिवाळीपूर्वीच धरावा. गुरुजींना त्याच दिवशी विचारावे. एका मुहूर्ताला ते एकच लग्न लावणार. फोटोवाला, बँडवाला चार महिने आधी. फुलांचे महिन्याभरात भागते. इसाराची पावती घ्यावी, आणि तारीख पुढे गेली तर पैशांचे काय, ते तिच्यावर लिहून घ्यावे. २५ मार्च २०२० रोजी, ऐन पाडव्याला, टाळेबंदी सुरू झाली; एप्रिल २०२१ मध्ये तर २५ माणसे आणि दोन तास एवढीच परवानगी उरली. आमच्या शेजारच्या घराचा इसार एका कार्यालयात बुडाला. आचारी हातावर पोट असलेला, त्याने मात्र अर्धे पैसे घरी आणून दिले.

ह्या यादीत एक नाव कोणीच धरत नाही. आम्हां आगऱ्यांत लग्नाचे विधी सांगायला आणि धवळे गायला धवलारीण असते. तेराव्या शतकात महदंबेने धवळे रचले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचा मान आहे. तोच प्रकार आमच्या बायकांनी लिहिण्यावाचण्यावाचून, नुसत्या पाठांतरावर जिवंत ठेवला. पण डीजेला सहा महिने आधी सुपारी जाते, आणि धवलारणीला बोलावणे हळदीच्या आदल्या दिवशी, तेही फोनवर. कार्यालयाची वेळ संपत आली की पहिली कात्री तिच्याच गाण्याला लागते. तिच्याजवळ बसून शिकायला मग कोणती सून पुढे येईल?

माझ्या नातीचे लग्न येत्या माघात करायचे घाटते आहे. हॉल अजून बघायचा आहे. धवलारणीकडे मात्र मी गेल्याच आठवड्यात सुपारी घेऊन जाऊन आले.