हायडेलबर्गचा किल्ला : एका जुन्या चित्राचा अर्थ

जर्मनींत नेकार नदीच्या कांठीं, दाट झाडीनें झांकलेल्या डोंगराच्या कुशींत हायडेलबर्गचा किल्ला उभा आहे. त्याचें एक जुनें छापील चित्र सॉलोमन द को या फ्रेंच स्थापत्यविशारदाच्या ग्रंथांत आढळतें. हा ग्रंथ १६२० सालीं फ्रॅंकफुर्ट येथें प्रसिद्ध झाला. चित्रांत किल्ल्याचे बुरूज अभंग आहेत, छपरें शाबूत आहेत, आणि त्याला लागून टप्प्याटप्प्यांनीं रचलेलें विस्तीर्ण उद्यान पसरलें आहे. आंखीव ताटवे, मांडव, कारंजीं, सारें कसें जेथल्या तेथें!

हे ताटवे केवळ शोभेसाठीं रेखाटलेले नाहींत. डोंगराचा उतार फोडून जो राजा अशी समतल भूमि निर्माण करतो, तो राज्यालाही सुव्यवस्था लावील, असा त्यांतील ध्वनि आहे. उद्यान करविणारा पांचवा फ्रेडरिक हा पॅलॅटिनेटचा तरुण अधिपति. १६१३ सालीं इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाची कन्या एलिझाबेथ हिच्याशीं त्याचा विवाह झाला होता. त्याच्या महत्त्वाकांक्षेचेंच हें चित्र होय.

परंतु हें उद्यान पुरें झालेंच नाहीं. १६१९ सालीं फ्रेडरिकनें बोहेमियाचा मुकुट स्वीकारला आणि तो प्रागला गेला. इकडे काम थांबलें. नोव्हेंबर १६२० मध्यें प्रागजवळच्या लढाईंत त्याचा पराभव झाला. एकच हिवाळा राज्य केलें म्हणून ‘हिवाळी राजा’ हें उपहासाचें नांव मात्र त्याला कायमचें चिकटलें. १६२२ सालीं टिलीच्या सैन्यानें हायडेलबर्गही जिंकलें. म्हणजे ज्या चित्राकडे पाहून पुढील पिढ्या गतवैभवासाठीं हळहळल्या, त्यांतलें निम्में वैभव कागदावरच नांदत होतें!

खरा विध्वंस पुढें झाला. चौदाव्या लुईच्या सैन्यानें १६८९ व १६९३ सालीं किल्ला सुरुंगांनीं उडविला. एका जाड बुरुजाचा अर्धा भाग अखंड तुटून खंदकांत कलंडला, तो आजही तसाच पडला आहे. १७२० सालीं दरबार मानहाइमला हलला. १७६४ सालीं वीज पडून पुन्हां आग लागली. मग गांवकरी घरें बांधण्यासाठीं तेथले दगड नेऊं लागले.

अशा वेळीं, १८१० सालीं, शार्ल द ग्रेंबर हा फ्रेंच निर्वासित चित्रकार तेथें आला, तो १८६४ सालीं मरेपर्यंत तेथेंच राहिला. फ्रेंच सैन्यानें जें पाडलें, त्याची राखण एका फ्रेंच माणसानें केली! त्यानें काढलेलीं भग्न किल्ल्याचीं चित्रें छापून प्रवाशांच्या हातीं गेलीं. द कोच्या चित्रांत सत्तेचा अभिमान होता. या चित्रांत काळापुढें नमलेल्या सत्तेबद्दलची हुरहूर होती.

शतकाच्या अखेरीस, किल्ला पूर्ववत् बांधावा कीं नाहीं, असा वाद माजला. १९०१ सालीं कलेतिहासकार गेओर्ग डेहिओ यांनीं, आहे तें जपावें, गेलेलें नव्यानें रचूं नये, असें आग्रहानें मांडलें. एका प्रासादाचा जीर्णोद्धार तोंवर सुरू झालाच होता. पण ओटहाइनरिखचा सुंदर प्रासाद छपरावांचून तसाच राहिला. ‘पूर्ववत्’ म्हणजे कोणत्या काळासारखें, हा प्रश्न त्या वादाच्या मुळाशीं होता. १६२० च्या चित्राबरहुकूम बांधावयाचें म्हटलें असतें, तर जें कधीं नव्हतेंच तेंही बांधावें लागलें असतें. जुनें चित्र पाहतांना मन भरून यावें हें स्वाभाविकच. मात्र त्यांतलें घडलेलें किती आणि इच्छिलेलें किती, हें ज्यानें त्यानें निवडून घ्यावें.