मुक्ताईची वीज ते ‘दामिनी’ : एका संशोधनाचा छोटा इतिहास

मुक्ताईनगरला, म्हणजे जुन्या एदलाबादला, कुणालाही विचारा, मुक्ताई कशी गेली? उत्तर एकच येईल : तापीकाठी वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली. नामदेवांच्या नावे असलेल्या अभंगांतही हेच येतं. परंपरेने काळ दिलाय तो शके १२१९, वैशाख वद्य पक्ष. म्हणजे १२९७ चा मे महिना.

आता संशोधनाच्या नजरेने बघा. यावरून त्या दिवशी वीज पडली हे सिद्ध होत नाही. पण मे हा खानदेशात वळवाच्या, गडगडाटी पावसाचा काळ. कथेतला ऋतू आणि इथलं हवामान जुळतं, एवढंच म्हणता येतं. पुरावा जेवढं सांगतो तेवढंच लिहायचं, हा पहिला धडा.

दुसरा धडा सिमल्याचा. आकाशातली वीज म्हणजे विद्युतच, हे १७५२ मध्ये फ्रँकलिनने सुचवलेल्या प्रयोगातून फ्रान्समध्ये दिसलं होतं. पण ढगात धन आणि ऋण प्रभार वेगळे होतात कसे? भारतीय हवामान खात्यातल्या जॉर्ज सिम्पसन यांनी सिमल्याला पावसाच्या पाण्यावरचा प्रभार मोजला आणि १९०९ मध्ये मत मांडलं : वर चढणाऱ्या जोरदार हवेत थेंब फुटतात, त्यातून प्रभार वेगळे होतात आणि ढगाचा खालचा भाग धन होतो. सी. टी. आर. विल्सन यांचं म्हणणं उलट होतं : वर धन, खाली ऋण. वाद बरीच वर्षं चालला. शेवटी सिम्पसन यांनीच स्क्रेझ यांच्यासोबत लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतून ढगांत फुगे सोडले. १९३७ मध्ये निकाल छापला : वर धन, त्याखाली ऋण, अगदी तळाशी कधीकधी छोटासा धन भाग. म्हणजे विल्सन मुख्यतः बरोबर होते, आणि हे दाखवलं त्यांच्या विरोधकानेच. गाईडशी वाद झाला की हे आठवा!

आज मानलं जातं की ढगातल्या मऊ गारा आणि बर्फाचे कण एकमेकांवर आपटून प्रभार वेगळे होतात. हवा जितकी जोरात वर चढते तितक्या टकरी जास्त, तितक्या विजा जास्त. म्हणूनच विजांचा दर अचानक वाढला, तर थोड्याच वेळात गारपीट किंवा सोसाट्याचा वारा येण्याची शक्यता वाढते. अंदाजासाठी वीज कामी येते ती अशी.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) विजा टिपणाऱ्या सेन्सरचं जाळं उभारलंय. विजेतून निघालेली रेडिओलहर वेगवेगळ्या सेन्सरवर किंचित मागेपुढे पोहोचते आणि त्या फरकावरून जागा कळते. त्याच संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास २० ते ४० किलोमीटरमधल्या विजांची सूचना देतं.

हा इशारा काही मिनिटांचा असतो, दिवसांचा नाही. तेवढ्यात वादळात आडवी होणारी केळीची बाग वाचवता येत नाही. पण बागेतला माणूस पक्क्या घरात पोहोचू शकतो. भारतात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं विजेने जातात. तेव्हा तुमचा विषय निवडताना स्वतःला एकदा विचारून बघा, यातली मिनिटं कुणाच्या कामी येणार आहेत?