घरटी हिशेब

शिरूर आणि दौंड म्हटलं की रांजणगावचा गणपती, कोरेगाव भीमाचा विजयस्तंभ, दौंडचं रेल्वे जंक्शन आणि अलीकडे कारखान्यांच्या पाट्या डोळ्यांपुढे येतात. भीमेच्या उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड. मधे नदी असली तरी जुन्या पिढ्यांनी दोन्हीकडे पावसाचीच वाट पाहिली. संशोधनाच्या नकाशावर मात्र या टापूची जागा फार वरची आहे. इथल्या ग्रामीण माणसाचं कर्ज, शेत, जेवण, आजार, हाडं आणि रक्त गेली दीडशे वर्षं कुणी ना कुणी मोजत आलं आहे. कधी सरकारी आयोगाने, कधी शेतकी कॉलेजने, कधी पुरातत्त्वज्ञांनी, तर कधी डॉक्टरांनी. या सगळ्या कामांना जोडणारा धागा एकाही विद्याशाखेच्या नावात सापडत नाही. पण ज्या ज्या वेळी अभ्यासकाने गाव हे एकक सोडून घर हे एकक धरलं आणि त्याच घरात पुन्हा पुन्हा जायचा खटाटोप केला, त्या त्या वेळी शहरात बसून केलेली समजूत खोटी ठरली, असं या इतिहासावरून म्हणता येतं. जिथे हा खटाटोप झाला नाही, तिथे अहवाल तेवढे उरले.

सुरुवात कर्जापासून करावी लागते. डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एका सावकाराने हुकूमनाम्याच्या जोरावर देशमुखाच्या घरावर हात टाकला आणि गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. पुढच्या वर्षी 12 मे रोजी सुप्याच्या बाजारात दंगा पेटला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, पण तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात आजच्या दौंडचाही मुलूख होता. दंगेखोरांनी धान्याच्या पेवांपेक्षा कर्जखतं आणि वह्या हुडकून जाळल्या, ही गोष्ट सरकारच्या ध्यानात आली आणि चौकशीसाठी आयोग नेमला गेला. आयोगाने काही गावांत जाऊन खातेदारांची देणी तपासली. सारावाढीचा दोष झाकून सावकाराकडे बोट दाखवायची सोय सरकारला हवीच होती आणि अहवालाचा झोक तिकडेच गेला, यात शंका नाही. पण त्याच अहवालाच्या परिशिष्टांतून एक गोष्ट निसटून बाहेर आली. मूळ रक्कम थोडी, आणि जुनं खत फाडून व्याजासह नवं खत लिहीत गेल्याने फुगलेलं देणं मोठं. कोर्टापुढे यायचं ते शेवटचं खत, आणि त्या एका कागदावर सगळं सरळ दिसायचं. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला खतामागे जाऊन देण्याघेण्याचा हिशेब मुळापासून तपासायचा अधिकार दिला. नील चार्ल्सवर्थसारख्या इतिहासकाराने पुढे, 1972 मध्ये, हे दंगे फुगवून सांगितलेले आहेत असा मुद्दा मांडला. दंग्यांच्या व्याप्तीबद्दल त्याचं म्हणणं बरंचसं पटतं. पण दंगा लहान होता म्हणून त्यातून उघडलेल्या वह्या लहान ठरत नाहीत.

वह्या उघडायची ही सवय पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी शास्त्राच्या पातळीवर नेली. 1917 मध्ये त्यांचा पिंपळे सौदागरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन शेतांचे कसे तुकडे पडले, हे त्यात कागदोपत्री दिसलं. त्यावर हरकत आली, आणि ती रास्त होती: पिंपळे पुण्याला खेटून आहे, तिथल्या माणसाला पुण्या-खडकीत मजुरी मिळते, मग ते दख्खनचं गाव कसलं? मॅन यांनी वाद घालण्यापेक्षा दुसरं गाव गाठलं. शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक शहरापासून दूर, जिरायत जमिनीचं. ना. वि. कानिटकरांबरोबर केलेला तो दुसरा अभ्यास 1921 मध्ये आला. त्यात प्रत्येक कुटुंबाचं उत्पन्न, खर्च, गुरं, देणं यांचा मेळ घातलेला आहे, आणि निष्कर्ष कुणालाही रुचणारा नव्हता. बहुसंख्य कुटुंबांचा साध्या वर्षातसुद्धा जमा-खर्च जुळत नव्हता. शेतकी खातं तेव्हा सुधारलेलं बी आणि लोखंडी नांगर यांचा प्रचार करत होतं, आणि त्याच खात्यातला वरिष्ठ माणूस दाखवून देत होता की मुळात कुटुंबाला पुरेल एवढी जमीनच नाही. गावाची सरासरी घेतली असती तर हे दिसलं नसतं, कारण चार-दोन सधन घरं सरासरीला वर ओढतात.

यावर एक सरळ शंका निघते. या टापूत एवढी संशोधनं झाली ती पुणं जवळ म्हणून. सकाळी निघून संध्याकाळी परतता येतं, त्यात या भूमीचा गुण कसला? शंका निम्मी खरी आहे. शिरूरला इंग्रजांची छावणी होती आणि नगरचा रस्ता होता, दौंडला तर रेल्वेच होती, आणि पुण्यातल्या विद्वानाला विदर्भातल्या खेड्यापेक्षा हे सोपं होतं. पण सोय एवढंच कारण असतं तर खडकवासल्याच्या कालव्यावर बागायत झालेली दौंडकडची गावंही तेवढीच अभ्यासली गेली असती. अभ्यासक जास्त करून शिरूरच्या कोरड्या गावांकडे वळले. टंचाईत प्रत्येक घराला हिशेब करावा लागतो, आणि जिथे घर हिशेब करतं तिथे अभ्यासकाला विचारायला काहीतरी असतं. शिवाय जवळ असण्याचा खरा फायदा पहिल्या फेरीत नसतो, दहाव्या फेरीत असतो.

दहाव्या फेरीत काय हाती लागतं याचा नमुना म्हणजे इनामगाव. घोडनदीच्या काठावरच्या या पांढरीवर डेक्कन कॉलेजने 1968 पासून 1983 पर्यंत बारा हंगाम उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची माणसं. त्याआधी आपल्याकडची पद्धत साधारण अशी होती की उभा खड्डा घ्यायचा, खापरांचे थर लावायचे, कालक्रम ठरवायचा आणि पुढच्या टेकाडाकडे जायचं. इनामगावात आडवं खणलं. त्यामुळे शंभरावर घरं जमिनीसह उघडी पडली आणि इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळातल्या शेतकऱ्यांचं गाव चुली, कणग्या, कुंभाराची भट्टी, पाट आणि बांध यांच्यासह दिसलं. सातू हे मुख्य पीक होतं, जोडीला मसूर, वाटाणा, वाल आणि हुलगे. तेच हुलगे आजही या भागात माडग्यासाठी शिजतात. घराच्या जमिनीखाली पोरं पुरलेली: दोन रांजण तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवे ठेवलेले आणि आत मूल. प्रौढांना घोट्याखालचे पाय तोडून पुरलेलं. एका पाच खोल्यांच्या घराच्या आवारात मात्र चार पायांच्या कच्च्या मातीच्या मोठ्या कुंभात बसवलेला पुरुष मिळाला आणि त्याचे पाय शाबूत होते. ढवळीकरांनी त्याला गावचा प्रमुख मानलं. शेजारी धान्याचं कोठार होतं, त्यावरून कर गोळा करणारी सत्ता मानली. हे जरा लांबचं अनुमान आहे, पण निराधार नाही.

इनामगावचं मोठेपण उत्खननापुरतं नाही. तिथले दोनशेहून अधिक सांगाडे जपून ठेवले गेले, म्हणून पुढच्या पिढीला पहिल्या पिढीशी वाद घालता आला. जॉन लुकाच आणि सु. रा. वाळिंबे यांनी दात आणि हाडं तपासली. पहिल्या काळातली मोठी चौकोनी घरं जाऊन शेवटी लहान गोल झोपड्या आल्या, हे ढवळीकरांनी हवामान कोरडं झाल्याची खूण म्हणून वाचलं होतं. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी 2011 च्या आपल्या पुस्तकात त्याच मुलांच्या हाडांवरून शेवटच्या काळात वाढ खुंटल्याचं दाखवलं. पण त्याचं खापर एकट्या पावसावर फोडायला मात्र त्या तयार नाहीत. तीन हजार वर्षांपूर्वीच्या पोराच्या मांडीच्या हाडावरून आजही भांडता येतं, कारण ते कुठल्या घरात, कुठल्या थरात सापडलं याची नोंद चोख आहे. ही दफनं पाहायची तर पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जावं लागतं. अष्टविनायकाच्या गाड्या रांजणगावला थांबतात, दौंडवरून सिद्धटेकला जातात, हौशी मंडळी मोराच्या चिंचोलीला मोर पाहून हुरडा खातात, आणि इनामगावच्या बाजूला कुणी वळत नाही. पर्यटनाचा अभ्यास करणाऱ्यांना इथे खरं काम आहे.

हाडांवरून रक्ताकडे यायला फार अंतर नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी 1970 च्या दशकात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. डॉक्टर गावात टिकत नाहीत हे मान्य करून त्यांनी गावातल्याच बाया-पुरुषांना आरोग्यसेवक म्हणून तयार केलं. 1993 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या पायावर 2002 पासून वढूच्या आसपासच्या बावीस गावांत घरोघरच्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची सतत नोंद चालू झाली. रोटाव्हॅक या रोटाव्हायरसवरच्या भारतीय लसीची शेवटची मोठी चाचणी देशात तीन ठिकाणी झाली, त्यातलं एक पुण्याचं केईएम आणि त्याचं वढू. नावनिशीवार घरं ठाऊक नसती तर ते जमलं नसतं. दुसरीकडे 1993 मध्येच केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पाबळ, केंदूर, धामारी, करंदी, कोरेगाव भीमा आणि खेड तालुक्यातलं कन्हेरसर या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास आरंभला. गरोदर होण्याआधी या बायकांचं सरासरी वजन 42 किलोच्या आसपास. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. एवढं ऐकून कुणीही म्हणेल की बाळ रोडकं आहे, आईला जास्त खाऊ घाला. पण बाळाच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, कातडीची चिमूट चिमट्यात धरून जाडी मोजली तेव्हा निराळंच दिसलं. हातपाय आणि स्नायू बारीक, चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. दिसायला रोड आणि आतून चरबीदार असलेल्या या बाळाने मधुमेह हा फक्त सुखवस्तू शहरी माणसाचा रोग आहे, या समजुतीला मोठा धक्का दिला.

त्याच अभ्यासातली आणखी एक नोंद मला जास्त मोलाची वाटते. आईच्या जेवणातले एकूण उष्मांक आणि प्रथिनं यांचा बाळाच्या आकाराशी म्हणण्यासारखा संबंध निघाला नाही. पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा पोटात गेलं याचा निघाला. शेतातली, पाण्याच्या हंड्याची जड कामं जास्त, तर बाळ लहान, हेही दिसलं. पुढे रक्तात ब-12 जीवनसत्त्व कमी असलेल्या बायका सुमारे दोन तृतीयांश निघाल्या. भाकरी पोटभर आहे म्हणजे पोषण आहे, हा सरकारी योजनांचा हिशेब इथे कोलमडला. मॅन यांनी जसा सरासरी उत्पन्नाचा भोपळा फोडला, तसाच हा सरासरी उष्मांकाचा.

आता मोठा आक्षेप. या सगळ्यात शिरूर-दौंडच्या माणसाला काय मिळालं? सांगाडे पुण्यात, अहवाल लंडनला, शोधनिबंध परदेशी नियतकालिकांत. गाव म्हणजे कच्चा माल, असंच ना? मॅन यांच्या जातेगावाबाबत हा आक्षेप खोडता येत नाही. निष्कर्ष इंग्रजीत छापले गेले आणि जमिनीचे तुकडे पडायचे ते पडतच राहिले. पण इथल्याच मातीत उलट दिशेची दोन कामंही उभी राहिली आहेत. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळानंतर मुक्ती सदन वसवलं आणि शतक सरता सरता तिथे दोन हजारांच्या घरात बायका-मुली होत्या. अंध, म्हाताऱ्या, टाकलेल्या, प्रत्येकीसाठी वेगळं सदन आणि झेपेल ते काम. समुपदेशन ही विद्या इथे पुस्तकातून येण्यापूर्वी असा तिचा व्यवहार चालू होता. तिथेच बसून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी बायबल उतरवलं. त्या 1922 मध्ये गेल्या आणि 1924 मध्ये सदनाच्याच छापखान्यात, तिथल्या मुलींच्या हातून ते छापून पूर्ण झालं. धर्मांतराबद्दल त्यांच्याशी ज्याचं जमत नाही त्यानेही हे भाषाशास्त्राचं काम म्हणून तपासायला हरकत नाही.

दुसरं काम पाबळचं. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला. शाळेतून गळालेली पोरं वेल्डिंग, शेती, वीज, बांधकाम हातांनी करत करत शिकतील आणि गावाला त्या सेवा पुरवतील, ही कल्पना. जीपच्या सुट्या भागांतून त्यांनी मेकबुल नावाचा लहान ट्रॅक्टर जुळवला, पोलादी त्रिकोण बोल्टांनी जोडून वर फेरोसिमेंट चढवलेले घुमट उभे केले, जमिनीचा विद्युतरोध मोजून विहिरीला पाणी कुठे लागेल हे सांगायचं यंत्र पोरांच्या हाती दिलं. एमआयटीचे नील गेर्शनफेल्ड यांची पहिल्या काहींतली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर आखून वस्तू घडवायची कार्यशाळा, 2002 मध्ये बॉस्टनबाहेर पडून आली ती पाबळला. मेकबुलने बैल हटवला नाही, घुमटांची गावं वसली नाहीत. पण प्रश्न गावाचा आणि उत्तर शोधणारे हातही गावचे, हा क्रम इथे पहिल्यांदा पक्का झाला.

पाबळच्या आसपास जन्मलेल्या त्या बाळांचं पुढे काय झालं, यातही या आक्षेपाचं थोडं उत्तर आहे. सहाव्या वर्षी त्यांची तपासणी झाली, नंतरही होत राहिली, आणि 2012 मध्ये वयात आलेल्या त्याच मुलामुलींना रोज ब-12 च्या फक्त दोन मायक्रोग्रॅमची गोळी द्यायचा प्रयोग सुरू झाला. काही जणांना सोबत इतर सूक्ष्मपोषकंही दिली गेली. गोळी थांबवायची ती त्यांना पहिलं मूल होईल तेव्हा. त्या मुलांची मापं आता त्यांच्या आईबापांच्या जन्मवेळच्या मापांशेजारी मांडली जात आहेत.